चप्पल घालून हात लावायचा

अकोल्याचं ऊन ज्याने अंगावर घेतलं नाही, त्याला कूलर म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. पुण्याची माझी एक मैत्रीण दर उन्हाळ्यात फोनवर विचारते, "एसी नाही का गं तुमच्याकडे?" आहे बाई, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे आहे. पण मे महिन्यात आमच्याकडे दुपारी असा कोरडा, तोंड भाजणारा वारा सुटतो की पत्र्याचा, तिन्ही बाजूंना गवत भरलेला, टाकीत पाणी खळखळणारा कूलरच माणसाला जगवतो. माझ्या सासरी तर उन्हाळ्यात दोघांचंच चालायचं, सासऱ्यांचं आणि कूलरचं. त्यातही कूलर रुसला तर सासरे त्याची समजूत काढायला धावायचे. माझी कधी काढली नाही.

आम्ही राहतो अमरावतीला, राजापेठेत. नवरा नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि मी घरी खालच्या वर्गांच्या ट्युशन घेते. दिवसभर लोकांच्या लेकरांना बडबडगीतं म्हणायला लावायची आणि आपली स्वतःची मुलगी तीन वर्षांची झाली तरी बोलत नाही, हे किती लागतं ते मला विचारा. अगदीच मुकी नव्हती ती. आई, आबा, पाणी, दे, नाही, असे सुटे शब्द होते. पण एकाला एक जोडून काही नाही. कान तपासून झाले होते, ऐकू चांगलं येत होतं, समजत तर सगळं होतं. घरातले म्हणायचे, "हिचा बाप बी उशिराच बोलला." मी मनात म्हणायची, तो अजून तरी कुठे बोलतो!

अमरावतीला कॅम्पात एक स्पीच थेरपीवाल्या बाई आहेत, त्यांच्याकडे आम्ही जात होतो. त्यांचं एकच सांगणं असायचं. तिच्या मागे बोल बोल म्हणून लागू नका. ती हाताने, अंगाने जे सांगते ते आधी नीट बघा, मग त्याला तुम्ही शब्द द्या. ऐकायला सोपं आहे. करून बघा. भर बाजारात लेकरू रस्त्यावर लोळण घेतं तेव्हा त्याच्या अंगाची भाषा कोण वाचत बसतं?

त्या वर्षी एप्रिलातच सासूबाईंना ऊन लागलं. भाजी घेऊन येता येता घराच्या फाटकाशीच भोवळ येऊन पडल्या. बी.पी.चा त्रास आधीपासून होताच. डॉक्टरांनी सांगितलं, उन्हाळा संपेपर्यंत बाहेर पडायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, गार खोलीत पडून राहायचं. माझ्या ट्युशन बंदच होत्या, म्हणून मी पोरीला घेऊन अकोल्याला गेले. नवरा सुट्टी मिळेल तसा येणार होता.

सासरचं घर साधं, बैठं. समोर छोटी खोली, मग हॉल, त्याच्या बाजूला स्वयंपाकघर, मागे फरशी घातलेलं अंगण. हॉलच्या मागच्या दारात कूलर बसवलेला. तोंड हॉलमध्ये, पाठ अंगणात. पाणी अंगणाच्या बाजूने भरायचं. दुपारी जेवणं झाली की हॉलमध्ये सतरंज्या पडायच्या आणि सगळं घर कूलरपुढे आडवं व्हायचं.

पहिले काही दिवस फार चांगले गेले, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. पोरीला कूलर भारी आवडला. एकदा ती त्याच्या जाळीपुढे बसून सहज "आऽऽ" म्हणाली आणि पंख्याच्या वाऱ्याने तिचा आवाज थरथरत परत आला. तिने दचकून माझ्याकडे बघितलं, आणि मग काय हसली! पुन्हा "आऽऽ". पुन्हा हसणं. मग सासरेही तिच्या शेजारी मांडी घालून बसले आणि आजोबा-नात मिळून "आऽऽ, ऊऽऽ, ओऽऽ" करत सुटले. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "बाप्पा! दोघंही बह्याड झाले." मी मोबाइलवर ते सगळं शूट केलं आणि थेरपीच्या बाईंना पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, छान, खेळू द्या, आवाज काढू द्या. त्या आठवड्यात "हवा" आला, "गार" आला. मी इतकी खूश होते की रोज संध्याकाळी नवऱ्याला फोन करून नवीन शब्द सांगायची. तो म्हणायचा, "कूलरच घेऊन ये मंग अमरावतीले."

आणि एका दुपारी मी स्वयंपाकघरात भांडी आवरत असताना हॉलमधून किंचाळी आली. धावत गेले तर पोरगी कूलरपासून हातभर लांब उभी राहून उजवा हात झटकत होती. तोंड लाल, श्वास अडकलेला. बोटं उघडून पाहिली, काही नाही. रक्त नाही, खरचटलं नाही, काटा नाही. सासूबाई म्हणाल्या, "मुंगी चावली असन, खोबरेल लाव." लावलं. कडेवर घेऊन थोपटलं. जरा वेळाने गप्प झाली.

पण त्या दिवसापासून ती हॉलमध्ये पाय ठेवायला तयार होईना. उंबऱ्यापर्यंत यायची, आत बघायची आणि हात झटकत मागे फिरायची. दुपारी सगळे गारव्यात झोपलेले आणि ही तापलेल्या स्वयंपाकघरात माठाच्या खाली फरशीवर लोळत पडलेली, घामाने निथळत. उचलून आत नेलं की धनुष्यासारखी ताठ व्हायची आणि अशी रडायची की शेजारपाजारचे डोकवायचे.

घरात जे होतं ते झालं. सासूबाईंनी मीठ-मोहरी-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा धूर झाला आणि सगळे खोकलो, तर त्या म्हणाल्या, "पाह्य, केवढी दृष्ट लागली होती!" अहो, मिरच्या जाळल्यावर खोकला येणारच ना! सासऱ्यांचं मत वेगळं. "दृष्ट बिष्ट काही नाई. लाडानं बिघडवली तुमी. हट्ट हाये हा निस्ता." एकदा त्यांनी तिला कडेवर उचललं आणि "चाल माय, आबासंग आऽ करू" म्हणत कूलरपर्यंत नेलं. दुसऱ्या हाताने कूलरवर थापा मारून दाखवल्या. "हे पाह्य, काही होते का? काही नाई होत." पोरीने त्यांच्या मानेला असे नखांनी ओरखडे काढले की मी जाऊन ओढूनच घेतली. म्हटलं, "बाबा, जबरदस्ती करू नका. नाही यायचं तिला." ते म्हणाले, "तुह्या या अशा कराच्यानंच ते बोलत नाई."

हे मला चांगलंच झोंबलं. मी शांत बाई नाही, कोणी तोंडाला लागलं की सोडत नाही. पण सासूबाईंची तब्येत समोर होती, म्हणून गिळलं. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणे, "लेकरं असतेच अशे. होईन चार दिवसांत ठीक." म्हणाले ना मी, बोलणं त्याला जमत नाही.

मला मात्र चैन पडेना. जी पोरगी कूलरपुढून उठायला तयार नसायची, ती एका दुपारीत अशी का फिरली? दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळी आटोपल्यावर तिनेच माझं बोट धरलं. ओढत ओढत हॉलच्या उंबऱ्याशी आणलं. कूलरकडे बोट दाखवलं. हात झटकला. पुन्हा बोट, पुन्हा झटकणं. आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली, शब्द शोधतात तशी. मी आत गेले. कूलर सुरू होता. हात लावून पाहिला. काही नाही. वळून म्हटलं, "काही नाही गं सोन्या, बघ." तर ती इतक्या जोरात रडायला लागली, इतक्या रागाने, की मला कळलं, आपलं काहीतरी चुकतंय.

ट्युशनमध्ये माझी एक सवय आहे. एखाद्या लेकराला फळ्यावरचं कळत नसलं की मी त्याच्या जागेवर जाऊन बसते आणि तिथून फळा बघते. कित्येकदा तिथून फळ्यावर नुसता उजेड चमकत असतो, अक्षर दिसतच नाही. तेच केलं. ती बसायची तिथे, जाळीच्या अगदी खाली, जाऊन बसले. चपला काढून मांडी घातली, कारण ती अनवाणीच असते. फरशी ओली होती, कूलर थेंब थेंब गळत होता. आणि ती टेकायची तिथे, जाळीच्या खालच्या पट्टीवर, हात ठेवला.

कोपरापर्यंत सणक गेली. हात आपोआप मागे उडाला आणि मी "आई गं!" म्हणून ओरडले. उंबऱ्यात पोरगी रडायची थांबली होती. एकदम. माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. सुटल्यासारखं वाटत होतं तिला. इतके दिवस ती जे सांगत होती ते एका माणसाला तरी कळलं होतं. मी तिला जवळ घेतलं आणि मला रडूच कोसळलं.

माझा आवाज ऐकून सासरे आले. मी म्हटलं, "बाबा, कूलरला करंट येतो आहे!"

ते म्हणाले, "अवं, चप्पल घालून हात लावाचा ना! अनवाणी कोन लावते कूलरले हात?"

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत म्हंजे? लोखंड हाये, त्यात पाणी हाये. थोडं झिणझिण लागतेच. मागच्या उन्हाळ्यापासून लागून राह्यलं. मेलं का कोनी?"

पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "मले वाटलं तुले माहीत असन बाई. पहिले उलटा हात लावून पाहाव. आपल्या घरचंच तं हाये."

आपल्या घरचंच! जिन्याची एक पायरी तुटकी असते, नळाची चावी उलटी फिरते, तसा यांच्या घरी कूलरला करंट होता. ज्याला त्याला माहीत. चप्पल घाला, उलट्या हाताने बघा आणि खुशाल झोपा. माझं डोकं सटकलं ते सटकलंच. मी पहिले प्लग ओढून काढला आणि मग विचारलं, "मीटरपाशी ते नवीन बटण बसवलं होतं ना तुम्ही? करंट गळला की आपोआप बंद पडणारं? ते काय करतंय?"

त्यावर सासरे जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही. "ते काढलं. डायरेक्ट करून घेतलं वायरमनकडून. कूलर लावला की खटकन पडे ते. जरा डोळा लागला की खटकन. पुन्हा उठा, पुन्हा वर करा. कटाळलो ना बाप्पा. तवापासून एकदा बी बंद नाई पडला कूलर." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं. आपण घराची केवढी सोय केली, या सुरात.

"बाबा, ते तुमची झोप मोडायला पडत नव्हतं. तुमचा जीव वाचवायला पडत होतं!"

"तुले लय समजते."

मग व्हायचं ते भांडण झालं. मी म्हटलं, कूलर दुरुस्त होईपर्यंत सुरू होणार नाही. ते म्हणाले, घर माझं आहे. मी वायरमनला फोन लावला. मे महिन्यात अकोल्यात वायरमन मिळणं काय असतं ते अकोलेकरांना विचारा. "येतो ताई, उद्या नक्की येतो." दुसऱ्याला लावला, त्याचंही तेच. आणि दुपार चढत गेली. हॉल तापला. छताचा पंखा नुसता गरम हवा ढवळत होता. मी चादरी भिजवून खिडक्यांना लावल्या, सासूबाईंच्या अंगावर ओला पंचा टाकला, कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. तरी चारच्या सुमाराला त्यांचे ओठ सुकले, डोळे फिरल्यासारखे दिसायला लागले आणि त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "लाव वो माय तो कूलर. जीव चालला माहा."

आता सांगा, काय करायचं? एका खोलीत माझी मुलगी, तिला तो कूलर मारू शकत होता. दुसऱ्या खोलीत सासूबाई, त्या त्याच्याशिवाय मेल्या असत्या. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, सरळ जाऊन प्लग लावला. मी अडवलं नाही. पोरीला घेऊन समोरच्या खोलीत गेले आणि मधल्या दाराला कडी घातली. दिवसभर पोरगी आमचं सगळं ऐकत होती. चप्पल, अनवाणी, करंट, कूलर, हेच शब्द घरात आदळत होते.

रात्री मी ठरवलं, सकाळच्या गाडीने अमरावतीला परत. सासूबाईंना म्हटलं, तुम्हीही चला, आमच्याकडे चांगला कूलर आहे. त्या सासऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "यायले सोडून कशी येऊ?" नवरा फोनवर म्हणाला, "एवढं टोकाले नको नेऊ. मी रविवारी येतो, पाहून घेतो." मी म्हटलं, "रविवारपर्यंत तुमच्या पोरीला काय झाडाला टांगून ठेवू?" आणि फोन ठेवला. मी चुकत नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी पिशवी भरताना मला फार वाईट वाटत होतं. आजारी सासूला टाकून निघालेली सून, असं गल्लीत म्हणणार होते, आणि त्यांना तरी काय दोष द्यायचा?

सकाळी नळ आले. अकोल्यात नळ रोज येत नाहीत, त्यामुळे आले की घरात धावपळ उडते, जे भांडं दिसेल ते भरायचं. सासरे नुकतीच अंघोळ करून देवपूजा आटोपून आलेले. पायात काही नाही, पूजेला बसणारा माणूस अनवाणीच असतो. अंगणात पाइप घेऊन गेले आणि कूलरची टाकी भरायला लागले. कूलर सुरूच होता. बंद करून पाणी भरायचं, हे त्या घरात कधी कोणी केलंच नव्हतं, कारण तेवढी हवा वाया जाते. मी स्वयंपाकघरात प्रवासाच्या डब्यात पोळ्या भरत होते. पोरगी माझ्या पायाशी होती. होती, असं मला वाटत होतं.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून मला तिचा आवाज ऐकू आला. स्वच्छ. "आबा, चप्पल."

मी पोळी हातात धरून तशीच थांबले. आबा, चप्पल. दोन शब्द. जोडून. वर्षभर मी ज्याची वाट बघत होते ते. आणि लगेच सासऱ्यांचा आवाज, आनंदाने फुटलेला, "अवो, ऐकलं का? बोलली! माही माय बोलली, दोन श..."

तिथेच तुटला.

मी बाहेर आले. ती त्यांच्या चपला दोन्ही हातांत धरून उभी होती. आम्हाला हाक मारायला ते वळले होते, आणि वळताना आधाराला कूलरच्या कडेवर हात टेकला होता. तो हात तिथेच चिकटला होता. तोंड उघडं, अंग थरथरत होतं, आवाज नव्हता. पाइप खाली पडला होता आणि पाणी फरशीवर पसरत पोरीच्या पायांकडे येत होतं. आणि ती पुढे निघाली होती. त्यांना चपला द्यायला.

मी तिचा फ्रॉक मागून धरला आणि तिला अक्षरशः स्वयंपाकघरात भिरकावलं. सासूबाई पलंगावरून उठून धडपडत स्वयंपाकघराच्या दाराने येत होत्या, "अहो, अहो" करत, त्यांना धरायला. "हात लावू नका! आई, हात लावू नका!" मी इतकी कधी ओरडले नव्हते. मग पुढच्या खोलीतून बाहेर धावत जाऊन मेन पाडला. कूलरची घरघर थांबली आणि सासरे पडल्याचा आवाज आला.

जगले ते. शेजारच्या मुलाने ऑटो आणला, दवाखान्यात नेलं. तळहात जळला होता, खांदा निखळला होता, हृदयावर लक्ष ठेवायला आत ठेवून घेतलं. डॉक्टर मला म्हणाले, "लेकरू मध्ये आलं नाही हे नशीब." मी बाकावर बसले आणि नवऱ्याला फोन लावला. दुपारपर्यंत नवरा आला. आल्या आल्या त्याने पोरीला छातीशी घेतलं आणि बापाच्या खोलीबाहेर उभा राहून रडला. संध्याकाळी, बटण काढून देणाऱ्या त्याच वायरमनला घरी धरून आणलं, ते बटण पुन्हा बसवून घेतलं आणि कूलर ओढून अंगणाच्या कोपऱ्यात पालथा घातला. खिडक्यांना वाळ्याच्या ओल्या ताट्या लावल्या, सासूबाईंना रात्रंदिवस ओल्या पंच्यात ठेवलं. कसंबसं निभवत होतो.

सगळे म्हणत होते, पोरगी देवासारखी धावली. कोणी म्हणे, काय हुशार लेकरू. आणि ते लेकरू त्या सकाळपासून बोलायचं बंद झालं होतं. एक शब्द नाही. आई नाही, पाणी नाही. तहान लागली की माठाकडे बोट दाखवायची. हवा आणि गार तर गेलेच, पण जे वर्षभरापासून होते तेही गेले. मी थेरपीच्या बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तिने तोंड उघडलं आणि आबा पडले. तिच्या दृष्टीने असंच झालं आहे. तुझ्यामुळे नाही झालं, हे तिला सांगत राहा. रोज सांगा." आम्ही सांगत होतो. सासरे घरी आले तेव्हा हाताला पट्टी, खांदा बांधलेला, आवाज बसलेला. ते तिला मांडीजवळ घ्यायचे आणि म्हणायचे, "माय, म्हण ना एकडाव. आबा म्हण." ती आपला छोटा हात त्यांच्या तोंडावर ठेवायची, घट्ट. त्यांनीही बोलू नये म्हणून. एवढ्या कडक माणसाच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तिच्या हातावरून खाली ओघळायचं. मला त्यांचा राग होता, तो तेव्हाही होता, आणि तरी मला ते बघवत नव्हतं.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. एका दुपारी पलीकडच्या घरच्या काकू पन्ह्याने भरलेला गंज घेऊन आल्या. भल्या बाई आहेत, दवाखान्यात न्यायला ऑटो आणणारा मुलगा त्यांचाच. सासऱ्यांची विचारपूस केली, सासूबाईंना स्वतःच्या हाताने पन्हं पाजलं. मग माझ्या पोरीला जवळ ओढून म्हणाल्या, "काय हाल झाले माह्या बाईचे गरमीनं! हिले आमच्या घरी पाठवत जाय दुपारी. आमचा कूलर भल्ला गार हाये. माही नात बी हाये खेळाले, आता धरून धरून उभी राहाले लागली."

मला खरंच बरं वाटलं. पोरीच्या पाठीवर घामोळं आलं होतं, बिचारी रात्रभर खाजवायची. मी पाठवते म्हणणारच होते. मग तोंडातून निघून गेलं, "काकू, तुमच्या कूलरला येतो का करंट?"

"येते ना थोडा. कोनाच्या नाई येत?" त्या म्हणाल्या. "आमी त्याच्यासमोर कोरडं पोतं आथरून ठेवलं हाये."

"आणि नातीचं काय?"

"तिले सांगून ठेवलं हाये ना, हात नाई लावाचा म्हनून."

"काकू, ती कशाला धरून उभी राहते?"

"जे हाताशी येईन ते धरते. लेकरूच हाये."

सासरे खाटेवरून उठून बसले. पट्टीचा हात पोटाशी धरून, बसलेल्या आवाजात म्हणाले, "वयनी, उठा. आताच्या आता घरी जा आन् तो कूलर बंद करा."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे. त्यांना आम्ही चेष्टा करतोय असं वाटलं असावं. हसल्या आणि म्हणाल्या, "काय सांगता भाऊजी! एवढ्या उन्हात कूलर बंद केला तं लेकरू झोपन कसं?"